बगळ्याची मान

बास्केटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, आणि आमच्या गावातल्या पुरुषांना माझ्यापेक्षा फार जास्त कळतं असंही मला वाटत नाही. त्यांना कळतं ते पेपरातलं. कॉलेजची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेकरीतल्या खिडकीजवळच्या टेबलाला चिकटतात, पेपर पसरतात, आणि मॅच राहते बाजूला, मॅचची बातमी चिवडत बसतात. बातमी कुठल्या पानावर आली, फोटो केवढा आला, राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाला किती जागा दिली आणि आमच्या ब्रँडवोल्ड कॉलेजला किती. त्या टेबलावर माझा नवरा लोवेल आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त व्हर्जिल टेस्के, या दोघांचा आवाज सगळ्यात मोठा.

दोघांचा राग एकाच बाईवर, कॉरीन डुफेकवर. गावच्या पेपरातलं खेळाचं पान ती एकटी काढते. बातमी तीच लिहिते, फोटोही बहुतेक तीच काढते. लोवेलचं म्हणणं, हिला आमची टीम बघवत नाही. जिंकलो तर लिहिते 'थोडक्यात वाचले', हरलो तर लिहिते 'अपेक्षेप्रमाणे'. व्हर्जिलचं त्याच्याही पुढचं. बाई मोठ्या विद्यापीठात शिकलेली, तेव्हा मन तिकडंच. मी कॉरीनला ओळखते, चर्चमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिचं मन कुठंही नाही, तिला पान वेळेत द्यायचं असतं एवढंच. पण हे मी घरात बोलले की लोवेल माझ्याकडे असा बघतो, जशी मीच समोरच्या टीमची.

या जानेवारीत टेरिक मॅबरी एकाएकी खेळायचा बंद झाला.

टेरिक म्हणजे आमच्या टीमचा जीव. मिलवॉकी शहरातला पोरगा, तिसऱ्या वर्षाला. बाहेरगावच्या खेळाडूंना कॉलेज गावातलं एकेक घर नेमून देतं, रविवारच्या जेवणाला आणि सणावाराला. टेरिकच्या वाट्याला आमचं घर आलं. दारात त्याचे बूट पडले की आमचे बूट पोरांचे वाटायचे. तर तो मॅचला दिसेना, आणि पेपरात एक ओळ आली: मॅबरीला बरं नाही, काही दिवस तो खेळणार नाही. खाली नाव कॉरीनचं.

टेबलावर नुसता भडका उडाला. बरं नाही म्हणजे काय? ताप आहे का गुडघा? रुग्णालयात आहे तर कुठल्या? मोठ्या विद्यापीठातल्या पोराचा अंगठा दुखला तरी अर्धं पान, आणि आमच्या पोराला एक ओळ? व्हर्जिलनं निदान करूनच टाकलं. बरं नाही वगैरे सगळ्या थापा. पोराला मोठं विद्यापीठ पळवतंय, बोलणी पक्की होईपर्यंत वाच्यता करायची नाही असं ठरलंय, आणि कॉरीन त्यांना सामील आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा, दरवर्षी आमचा एखादा चांगला खेळाडू असाच जातो. चूक एवढीच, की या वेळी तसं काही नव्हतं. लोवेल त्या दिवशी मूग गिळून बसला.

दुसरं काय करणार? टेरिक आमच्या घरात होता. वरच्या खोलीत, पडदे ओढून.

कोचच त्याला घेऊन आले होते. पोरगा कित्येक दिवस नीट जेवत नव्हता, झोपत नव्हता, वर्गात जात नव्हता. मग एका मॅचमध्ये, मध्यंतरात, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला तो उठेचना. पाय धड, हात धड, पण उठता येईना. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आणि सांगितलं, एकटं ठेवू नका आणि गलबल्यापासून लांब ठेवा. त्याची आई मिलवॉकीला एका रुग्णालयात रात्रपाळी करते, घरी दोन लहान भावंडं. तिनं मला फोन केला आणि विचारताना तिचा आवाज इतका अवघडला, की मी तिला वाक्य पुरंच करू दिलं नाही. म्हटलं, इथं राहू दे त्याला.

टेरिकनं एकच अट घातली, तीही ताटाकडे बघत. मोठ्या बायकांना तो आदरानं मिस म्हणतो. "मिस आर्डिस, हे लोकांच्या तोंडी जायला नको. गेलं तर मी त्या खेळाच्या हॉलमध्ये परत पाऊल टाकणार नाही. घरी जाईन, तो कायमचाच." मी त्याला शब्द दिला. लोवेलनंही दिला.

आणि दुसऱ्याच दिवशी कॉरीन दारात उभी. तिला टीमचा एक जुना फोटो हवा होता, लोवेल खेळायचा त्या काळातला. मी तिला बाहेरच थांबवायला हवं होतं, पण इतक्या थंडीत कोणाला बाहेर थांबवायची आमच्याकडे पद्धत नाही. ती सरळ स्वयंपाकघरात आली. टेबलापाशी टेरिक, पायात नुसते मोजे, पुढ्यात दुधाचा वाडगा. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. तिनं फोटो घेतला, माझे आभार मानले, आणि दाराशी जाऊन हळूच म्हणाली, "आर्डिस, काय झालंय ते मी विचारत नाही. बरं नाही एवढं लिहिलं तर चालेल का त्याला?" मी वळून बघितलं. टेरिकनं मानेनंच हो म्हटलं.

ती एक ओळ आली ती अशी. संध्याकाळी मी हे लोवेलला सांगितलं. जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्या हाती वर्षातली सगळ्यात मोठी बातमी लागली होती, आणि ती बाई ती बातमी माझ्या स्वयंपाकघरात ठेवून निघून गेली. ते त्याला पचायला जड गेलं. मला मात्र मनातून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्हर्जिलला का सांगितलं नाही, असं कोणी विचारेल. व्हर्जिल माणूस सोन्यासारखा. त्याच्याकडे गाई होत्या तेव्हापासून आमची मोटार बर्फात रुतली की दोर घेऊन पहिला तो येतो. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत बेकरीत आणि संध्याकाळी सगळ्या जिल्ह्यात.

त्यात त्यानं जाहीर केलं, की येत्या गुरुवारी तो माइकवर विचारणार. दर गुरुवारी संध्याकाळी नॉर्डीनच्या हॉटेलातून कोचचा कार्यक्रम रेडिओवर थेट लागतो. लोक तळलेलं चीज खात ऐकत बसतात, आणि शेवटी शेवटी ज्याला प्रश्न विचारायचे त्यानं माइकपुढं रांग लावायची. व्हर्जिलचा प्रश्न तयार होता: टेरिक कुठं आहे, त्याला नेमकं झालंय काय, आणि पेपर ते का लपवतोय? समोर कोच असणार, मागच्या टेबलावर कॉरीन असणार, बघू कसे निसटतात. लोवेलनं त्याला परोपरीनं सांगून बघितलं, जाऊ दे रे, कशाला. तर व्हर्जिल म्हणाला, "तुला कधीपासून त्या बाईचा पुळका?" सगळं टेबल हसलं.

लोवेल घरी आला तो न जेवता बसून राहिला. कोचना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. हरायची चिन्हं असली तरी त्यांना जिंकू म्हणवत नाही. माइकवर सरळ विचारलं की ते अडखळणार, आणि ते अडखळले की लोक उरलेलं आपापल्या मनानं भरणार. गुरुवारी लोवेल लवकरच निघाला. काय करणार आहेस, मी विचारलं. म्हणाला, अजून सुचलेलं नाही.

मी रेडिओ लावणारच नव्हते. पण टेरिक आपण होऊन खाली आला आणि त्यानंच बटण दाबलं. तो कार्यक्रम त्यानं कधी चुकवला नव्हता. मी बटाटे सोलत बसले. कोचचं बोलणं संपलं, निवेदक म्हणाला, आता लोकांचे प्रश्न. आणि पहिला आवाज आला तो लोवेलचा. मागून व्हर्जिलही ऐकू आला, अरे माझा नंबर होता, मी आधी उभा होतो.

"माझा प्रश्न बगळ्याच्या मानेबद्दल आहे," लोवेल म्हणाला.

आमच्या टीमचं चिन्ह बगळा. पेपरात खेळाच्या पानावर त्याचं छोटं चित्र असतं, उडणारं. लोवेलनं सुरुवात केली. बगळा उडताना मान आखडून घेतो, क्रौंच उडताना मान ताठ ठेवतो. पेपरातल्या चित्रात मान ताठ आहे. म्हणजे इतकी वर्षं आमच्या टीमवर हा पेपर भलताच पक्षी छापतोय. हे अज्ञान आहे की आकस? मग तो बगळ्याच्या पायांवर गेला. मग चोचीवर. मग त्याच्या वडिलांबरोबर तळ्याकाठी बघितलेल्या एका बगळ्यावर, त्याचं साग्रसंगीत वर्णन. निवेदक मध्ये खाकरला, आणखी लोक थांबलेत म्हणाला. लोवेल म्हणाला, येतो, मुद्द्यावरच येतो, आणि पुन्हा मानेवर गेला. हॉटेलातले लोक आधी हसले, मग कुजबुजायला लागले, मग कोणीतरी ओरडलं, खाली बस रे म्हाताऱ्या.

माझं सोलणं थांबलं होतं. बेकरीचं ते टेबल सोडलं तर सबंध जन्मात हा माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा दोन वाक्यांवर बोललेला नाही.

मग कॉरीनचा आवाज आला. पेपरवर आरोप झालाय, तेव्हा उत्तर द्यायचा आपला हक्क आहे, असं तिनं निवेदकाला बजावलं. मला वाटलं, झालं, आता ही दोन शब्दांत विषय संपवणार. पण ती म्हणाली, लोवेलनी मांडलेला मुद्दा गंभीर आहे आणि त्याला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे. तिच्या मते बगळा उडायला लागतो त्या क्षणी मान ताठच असते, आखडतो तो नंतर. लोवेल म्हणाला, साफ चूक. ती म्हणाली, तुम्ही कितीसे बगळे बघितलेत? आणि दोघं जे जुंपले म्हणता, निवेदकानं समारोपाचं संगीत लावेपर्यंत एकानंही माघार घेतली नाही. संगीताखालीसुद्धा लोवेलचा आवाज येत होता.

टेरिक रेडिओकडे बघत होता. "हे माझ्यासाठी चाललं होतं?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

माझ्या हातातली सुरी घेऊन टेरिकनं उरलेले बटाटे सोलले. फार जाड साली काढल्या, पण मी बोलले नाही.

लोवेलची गाडी अंगणात आली, आणि तिच्या मागोमाग दुसरी. व्हर्जिल. दार बंद होतं तरी पडवीतलं सगळं ऐकू येत होतं. व्हर्जिल म्हणत होता, सगळ्या गावासमोर तू माझा पोपट केलास. मी रांगेत आधी होतो. तुला काहीतरी माहीत आहे, मी काय कालचा ओळखतो तुला? तू त्या बाईला सामील झालास, आणि तेही मला अंधारात ठेवून. लोवेल एवढंच म्हणाला, की मला सांगता येणार नाही. त्यावर व्हर्जिल म्हणाला, "मग उद्यापासून टेबलावर येऊ नकोस. कोणाच्या शेजारी बसायचं ते मला अजून ठरवता येतं."

लोवेलचं काय झालं असेल ते मला आतून कळत होतं, आणि मला दोघांचाही राग आला. टेरिक उठला. मी त्याच्या बाहीला धरलं. त्यानं माझा हात हळूच सोडवला आणि जाऊन दार उघडलं.

व्हर्जिलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर टेरिक, पायात मोजे, दाढी वाढलेली, अंगावर लोवेलचा जुना स्वेटर. बाह्या जेमतेम कोपरापर्यंत आलेल्या.

"विचारा, मिस्टर टेस्के," टेरिक म्हणाला. "रेडिओवर विचारणार होतात ते."

व्हर्जिलनं टोपी काढली. त्यानं पोराकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, आता विचारणार, तू जाणार आहेस का मोठ्या विद्यापीठात.

"झोप लागते का रे तुला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मलाही लागायची नाही," व्हर्जिल म्हणाला. "गाई विकल्या त्या हिवाळ्यात. पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचो. सकाळ झाली की तिथून उठणं व्हायचं नाही."

लोवेल त्याच्याकडे बघत राहिला. त्या हिवाळ्यात हे दोघं रोज सकाळी त्याच टेबलावर समोरासमोर बसत होते. आमची बातमी सहाव्या पानावरून आठव्या पानावर का ढकलली, यावरून त्यांनी महिनाभर घसे कोरडे केले होते. मला आठवतंय, सगळ्यात मोठ्यानं व्हर्जिलच ओरडायचा.

"मला कधी बोलला नाहीस," लोवेल म्हणाला.

"आपण पेपराबद्दल बोलत होतो ना," व्हर्जिल म्हणाला, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.