आठ बोटं बुटकी खुर्ची

लढाई हरलेल्या देशाकडे शेवटी एकच हक्क उरतो, सही करायचा. ती सही गावच्या नगरपालिकेत व्हायची ठरली, कारण धड छप्पर असलेली तेवढीच इमारत उरली होती. जिंकलेल्यांच्या सहा खुर्च्या त्यांच्या देशातून आल्या. हरलेल्यांच्या सहा करायचं काम गावातल्या मिस्त्रीकडे आलं.

हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या खिशात कायम एक पितळी पट्टी असे. मिस्त्रीच्या बायकोने पहिल्याच दिवशी त्याचं नाव मापसाहेब ठेवलं. इथली भाषा तो शिकून आला होता, फक्त 'कृपया' शिकायचं राहून गेलं होतं.

"तुमच्या खुर्च्या आमच्यापेक्षा चार बोटं बुटक्या हव्यात," मापसाहेब म्हणाला.

मिस्त्रीने मान हलवली. त्याचा एकुलता एक मुलगा कैद्यांच्या छावणीत होता. सही झाली की महिन्याभरात कैदी घरी, असं तहाच्या मसुद्यात लिहिलं होतं. त्यासाठी त्याने झोपाळेसुद्धा करून दिले असते.

खुर्च्या झाल्या. मापसाहेब समोरच्या उंच खुर्चीत बसला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "अजून दोन बोटं."

मिस्त्रीने चोवीस पाय कापले, घासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अजून दोन."

मिस्त्रीची एक सवय होती. खुर्ची हातावेगळी करण्याआधी तो स्वतः तीत बसून पाही. बसला, तर टेबल थेट छातीशी आलं.

"साहेब, इथे बसून सही कशी करायची? हात पोचत नाही."

"सहीचं आम्ही बघू. तुम्ही पायांचं बघा."

घरी बायको भडकली. "अहो, तुम्हाला काय पडलंय? तो म्हणाला तर मंत्र्यांना सतरंजीवर बसवा! आपला पोरगा येऊ दे."

"अगं, पण खुर्ची चुकीची आहे."

"देश चुकला तेव्हा कोणी विचारलं होतं तुम्हाला?"



सहीच्या दिवशी त्याला करवत घेऊन सभागृहात मागे उभं केलं होतं, ऐनवेळी कुणी उंच दिसलंच तर. म्हातारे परराष्ट्रमंत्री खुर्चीत बसले आणि इतके खाली गेले की छायाचित्रकाराने त्यांना दोनदा शोधलं. कागद पुढे सरकला. मंत्र्यांनी हात लांबवला, पोचेना. पुढे सरकले, खुर्चीच्या काठावर टेकले, तरी दौत हाताला लागेना. शेवटी टेबलाला दोन्ही हातांनी धरून, गुडघे कडकड वाजवत, ते उभे राहिले.

नेमका तेव्हाच फोटो निघाला.

फोटोत जिंकलेले सहा जण बसलेले, माना वर करून बघतायत. हरलेल्यांतले पाच टेबलाआड बुडालेले, एकटा ताठ उभा, आणि हातात लेखणी अशी, की जणू तोच त्यांना काहीतरी मंजूर करतोय.

इकडच्या पेपरांत मथळा आला, 'मान झुकली नाही!' खाली बारीक अक्षरांत होतं, की खाणी गेल्या, बंदर गेलं, पूर्वेचे तीन जिल्हे गेले. ते कोण वाचतो? गावभर मिठाई वाटली. पलीकडच्या देशात तोच फोटो पाहून लोक इतके खवळले, की चौथ्या दिवशी तहाला पुरवणी जोडली गेली. उद्धटपणाबद्दल, कैदी अजून तीन वर्षं तिकडेच राबतील.

पुरवणी ऐकल्यावर मिस्त्रीच्या बायकोने मुलासाठी काढून ठेवलेले कपडे घडी घालून परत पेटीत ठेवले.

गावाला मात्र उधाण आलं होतं. न्हाव्याने मिस्त्रीला रस्त्यातच मिठी मारली. "काय डोकं लढवलंत हो!"

"मला सांगितलं तेवढंच मी कापलं."

"हो हो, बाहेर तसंच सांगायचं," न्हाव्याने डोळा मारला.

मग नगराध्यक्ष स्वतः आले. म्हणाले, "मिस्त्री, तशीच एक खुर्ची हवी. दालनात ठेवू. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला."

"बसायला नको?"

"छे, बसणार कोण तिच्यात!"

मिस्त्रीने खुर्ची केली. न्यायला नगराध्यक्ष आले, तेव्हा ती कामाच्या टेबलाला लावून ठेवलेली होती. टेबलावर एक अर्ज होता, गावच्या अठ्ठावीस कैद्यांना सोडावं म्हणून, जिंकलेल्यांच्या नावे.

"एकदा बसून बघा, साहेब. बसल्याशिवाय मी खुर्ची देत नाही. आणि बसणारच आहात, तर तेवढी सही."

नगराध्यक्ष हसत हसत बसले आणि खाली गेले. हनुवटीसमोर अर्ज आला. त्यांनी तो वाचला आणि हसू मावळलं.

"मिस्त्री, हे नाजूक प्रकरण आहे. त्यांच्याकडे हात पसरायचे? आता कुठे मान ताठ झालीय आपली. शिवाय इथून हात पोचत नाही."

"मग उभे राहून करा," मिस्त्रीने लेखणी पुढे केली. "तुम्हाला आवडतं ना तसं."

नगराध्यक्षांनी उठायचा प्रयत्न केला. पोट आडवं आलं. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला.

मिस्त्रीने हात दिला नाही. दारातून बायको म्हणाली, "राहू द्या त्यांना बसलेले. सही होईपर्यंत मी दार लावून घेते."

आणि तिने खरोखरच आतून कडी घातली.