लग्नातलं उरलेलं

निलंग्यात लग्न कुणाचंही असो, नवरदेवाचं नाव दस्तगीरभाईंच्या ध्यानात संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नसे. भात किती उरला, जिलेबी किती वाया गेली आणि कोणत्या वऱ्हाडानं ताटात किती टाकलं, हे मात्र ते पुढच्या लग्नसराईतही सांगत. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. कुणाला रानाचा असतो, कुणाला पोराच्या नोकरीचा. भाईंना उरलेल्याचा होता.

बसस्टँडच्या मागचं मंगल कार्यालय त्यांच्या मालकीचं नव्हतं. मालक लातूरला राहत आणि सगळा कारभार भाईंच्या भरवशावर टाकून निवांत होते. भाईंचा मूळ धंदा बिछायतीचा. गाद्या, सतरंज्या, पातेली आणि एके काळी लाउडस्पीकरचे कर्णे. वऱ्हाड हललं की इतर कार्यालयांचे मॅनेजर पंख्याखाली पाय ताणून पडतात. भाई मात्र लुंगी खोचून मागच्या अंगणात. पाण्याच्या बाटल्या एका पोत्यात, पत्रावळी दुसऱ्यात, खोक्यांचे पुठ्ठे चेपून बांधलेले आणि अन्न, भाजीची देठं, हारफुलं निळ्या पिंपात. ओला वेगळा करा, सुका वेगळा करा, असं गाणं वाजवत नगरपालिकेची गाडी आता आता फिरायला लागली. भाईंच्या अंगणात हा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, आणि तो मोडणाऱ्या वाढप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. दावतीच्या मटणाचं पिंप तर काळं, झाकणासकट वेगळं. ते निळ्याच्या शेजारी ठेवलेलंसुद्धा कुणी कधी पाहिलं नाही.

कारण निळं पिंप अण्णारावांच्या म्हशींसाठी असे. अण्णाराव जवळच्याच एका वाडीतले शेतकरी. फार वर्षांपूर्वी एका लग्नात भाताची पातेली उकिरड्यावर चाललेली त्यांनी पाहिली आणि संकोचत विचारलं, जनावराला नेऊ का. तेव्हापासून प्रत्येक लग्नानंतर त्यांची ॲपे रिक्षा मागच्या दाराशी लागायची. पुढे दोघांची अशी गट्टी जमली की ईदचा शीरखुर्मा वाडीत जायचा आणि वेळा अमावस्येच्या सणाची मिसळभाज्यांची भज्जी भाईंच्या घरी यायची.

पिंप देण्याआधी भाईंचं एक काम ठरलेलं. जुन्या कर्ण्यातलं चुंबक त्यांनी कापडात गुंडाळून वेळूच्या काठीला बांधलं होतं. ती काठी ते पिंपाच्या तळापर्यंत घालून सावकाश फिरवत. पत्रावळीच्या पिना, फेट्याच्या टाचण्या, हारातली तार, सगळं त्या कापडाला चिकटून वर येई. म्हैस न चावता गिळते आणि मग बसून रवंथ करते. गिळलेली टाचणी पोटातून टोचत टोचत काळजापर्यंत जाते, हे अण्णारावांनीच त्यांना सांगितलं होतं. काठी कोरी वर आली की मगच झाकण लागे. अण्णाराव वाडीत छातीठोकपणे सांगत, "दस्तगीरभाईनं काठी फिरवली म्हन्जी डोळे झाकून घाला."

आणि ते खरोखरच डोळे झाकून घालत.

यंदा वैशाखात अण्णारावांची मैना मेली. मैना म्हणजे गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस. तिची आई ती जन्मली तेव्हाच गेलेली. अण्णारावांच्या बायकोनं, सिंधुवहिनींनी, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिनं एकाएकी चारा सोडला, पाठ वाकवून उभी राहिली आणि रात्रंदिवस कण्हायला लागली. डॉक्टर आले तोवर हातचं गेलं होतं. मेल्यावर त्यांनी पोट फाडून पाहिलं, तर आत बारीक तार.

अण्णाराव ती तार हातरुमालात घेऊन कार्यालयावर आले. ओट्यावर आचारी बसले होते, मंडपवाले बसले होते. अण्णाराव भांडायला आले नव्हते, त्यांचा तो स्वभावच नाही.

"भाई, डॉक्टर म्हन्ले लग्नाच्या खरकट्यातून आली असंल. म्हून म्हनलं तुमाला इचारावं."

खरकटं हा शब्द भाईंच्या वर्मी लागला. इतक्या वर्षांत त्यांच्या पिंपाला कुणी खरकटं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही चारचौघांत.

"माझ्या पिंपातून?" ते म्हणाले. "काठी फिरवल्याबिगर एक पिंप दिलं का मी कवा? बगू." रुमालात त्यांनी नुसतं वाकून पाहिलं, हात लावला नाही. "ही तर तांब्याची हाय, अण्णाराव. औंदा हिरीची मोटार भरून घेतली न्हवं तुमी? वाइंडिंगचे तुकडे पडले असतेल गोठ्याभवती. घरात कुणी झाडून काढतंय का न्हाई?"

अण्णाराव तारेकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालाची घडी घातली.

"हाव. तेबी खरंच हाय," ते म्हणाले. "हिचं ध्यानच नसतंय कशात."

विषय मिटला. भाईंना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. आपलं नाव राखलं गेलं, म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हशीबद्दल हळहळतही राहिले. एका वाक्यानं आपण कुणाच्या गळ्यात काय बांधलं, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

तो त्यांच्या बायकोच्या मनाला शिवला. फरीदाबी वाडीत सिंधुवहिनींना भेटून आली. जेवताना तिनं विषय काढला. "सिंधुभाभी दिनभर गोठे की मट्टी छानते बैठे हैं जी. तार ढुंडरे. अण्णाराव सारे गाँव के सामने बोले, तेरेच से भैंस मरी. तब से बात बी नै करते."

"गम है. होइंगा कम," भाई म्हणाले आणि भाकरी मोडली. पण त्या रात्री ते जेवणावरून लवकर उठले.

ज्येष्ठातलं एक लग्न होतं. स्टेज सजवायला लातूरची मंडळी आली होती. अलीकडे झेंडूच्या माळांमध्ये बारीक पिवळ्या दिव्यांच्या लडी गुंफायची टूम निघालीय; फोटो छान येतात म्हणे. लग्न उरकलं, सजावटवाल्यांनी माळा कात्रीनं सपासप कापल्या आणि फुलांचे ढीग मागच्या अंगणात आणून टाकले. भाईंनी नेहमीसारखं सगळं निवडलं. फुलं निळ्या पिंपात गेली, वरून भात, वरण. काठी तळापर्यंत घातली, फिरवली. दोन-तीन पिना आल्या. पुन्हा फिरवली, काठी कोरी आली. झाकण आणायला ते वळले.

दिवेलागणीची वेळ होती आणि अंगणातला बल्ब अजून कुणी लावला नव्हता. झाकण घेऊन ते आले, तर पिंपात उजेड दिसला. भाताच्या आत, झेंडूच्या पाकळ्यांखाली, तांदळाएवढे दोन दिवे लुकलुकत होते.

भाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. केसासारखी तार निघाली, हातभर, तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या जाड डबीत बंद केलेला बटणाएवढा सेल. त्यांनी चुंबकावरचं कापड सोडलं आणि उघडं चुंबक तारेला टेकवलं. तार खाली पडली. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडली.

तांबं चुंबकाला धरत नाही, हे भंगाराच्या दुकानात चार दिवस बसणाऱ्यालाही कळतं. भाईंना तर ते उभं आयुष्य ठाऊक होतं. पण लग्नात जे येई ते सगळं लोखंड होतं, त्यामुळे हे ठाऊक असण्याची गरजच कधी पडली नाही. लग्नं बदलली, हार बदलले, हारातली तार बदलली, आणि भाई आपली तीच काठी फिरवून तिच्यावर जीव टाकत राहिले. वैशाखातल्या लग्नातही अशाच माळा होत्या. त्या माळांचं त्यांनी तेव्हा कौतुकही केलं होतं.

ते तिथंच ओल्या फरशीवर बसले. फरीदाबीनं येऊन विचारलं, काय झालं, तर त्यांनी तार पुढे केली आणि रडायला लागले. साठी उलटलेला माणूस, हाताला वरण लागलेलं, आणि पोरासारखा रडत होता. म्हशीपेक्षा त्यांना त्या ओट्यावरच्या आपल्या वाक्याचं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाडीत गेले. सिंधुवहिनी गोठ्याच्या तोंडाशी चाळणी घेऊन बसल्या होत्या. समोर मातीचा ढीग, बाजूला चाळलेल्या मातीचा दुसरा. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पदर सारखा केला. अण्णाराव ओट्यावरून उठून पुढे आले. "या या, भाई. सकाळी सकाळीच?"

भाई बसले नाहीत. बसलो तर सांगवणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"अण्णाराव, तार माझ्याच पिंपातली व्हती," ते म्हणाले, आणि खिशातली तार काढून सगळं सांगितलं. दिव्यांच्या माळा, चुंबक, तांबं. "मी तुमाला चारचौघांत खोटं पाडलं. वहिनींवर आळ घेतला. मैना माझ्यानं गेली."

अण्णारावांनी तार बोटांत फिरवून पाहिली. मग भाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ द्या, भाई," ते म्हणाले. "तुमी काय मुद्दाम केलं का? चूक व्हती मानसाकडून. जित्राबाचं आयुष्यच तेवढं व्हतं म्हनायचं. एवढ्यासाठी रात्रभर झोपला न्हाईत वाटतं? मनाला लावून घेतलाव तुमी तर." आणि ते हसले, मायेनं हसले.

याच शब्दांसाठी भाई आले होते. रस्ताभर त्यांनी अल्लाकडे हेच मागितलं होतं. पण शब्द मिळाले आणि त्याच वेळी चाळणीचा आवाज थांबला. सिंधुवहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या. चूक व्हती मानसाकडून, हे त्या घरात महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं, आणि ते त्यांना उद्देशून नव्हतं.

"मी सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मैना पडायच्या आदी अशीच तार गव्हाणीत घावली व्हती मला. यांना दाखवली. तर मला हसले. म्हन्ले, भाईच्या पिंपात तार निघंल का? डोळे तपासून घे तुझे."

अण्णाराव म्हणाले, "आता ते कशाला काढलालीस?"

"मी आदी रोज पिंपात हात घालून चाचपून बगायची, भाई. यांनी हसल्यावर सोडलं."

"मग वहिनी, तवाच म्हनायचं न्हाई का?" भाई म्हणाले. "मी तसं बोललो तवा तरी."

"म्हनले की मी यांना. पर तुमी सांगितलं गोठ्यातली हाय. यांनी सांगितलं गोठ्यातली हाय. मग मलाच वाटाया लागलं, असंल बया, आपलंच ध्यान नसंल." त्यांनी चाळलेल्या ढिगाकडे पाहिलं. "म्हून बगत व्हते, अजून हाय का कुठं."

भाई अण्णारावांकडे वळले. "अण्णाराव, आत्ता मला जे म्हनलाव ना, ते वहिनींना म्हना."

अण्णाराव उगाच गळ्यातल्या उपरण्याशी चाळा करत राहिले. माणूस वाईट नव्हता. पण बायकोला असं काही म्हणायची सवय नव्हती आणि पाहुण्यासमोर तर नाहीच नाही. "झालं गेलं," ते म्हणाले. "तिला काय म्हनायचं? घरचंच मानूस हाय. सिंधु, भाईला च्या टाक."

त्या हात झटकून आत गेल्या. चहा आला. भाईंनी कप हातात घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. "आदी म्हना. मग पितो," ते म्हणाले.

अण्णाराव पावसापाण्याचं बोलले, पुढचं लग्न कधी आहे ते विचारलं, पिंप न्यायला येतो म्हणाले. तेवढं एक सोडून सगळं बोलले. चहावर साय धरली. शेवटी भाई उठले, सलाम केला आणि काही न घेता निघाले. आपण वहिनींच्या बाजूनं उभे राहिलो, एवढंच समाधान त्यांच्यापाशी होतं.

गाडीपाशी पोचतात तोच मागून सिंधुवहिनी घाईघाईनं आल्या. डोक्यावरचा पदर धरलेला, नजर घराकडे.

"भाई, च्या घेऊन जा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तसेच गेलाव तर हे मला म्हनतेल, तुझ्यामुळं मानूस दारातून च्या न घेता गेला."

भाई मागे फिरले. ओट्यावर बसले, आणि गार झालेला चहा तळापर्यंत प्यायले.