मावशीच्या उंचीची फळी

मावशीचा स्वर्गावर पुरता विश्वास होता. तिला फक्त तिथे जायचं नव्हतं.

डॉक्टरांनी औषधं थांबवली तेव्हापासून ती पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर होती. बरं वाटावं म्हणून कोणी प्रार्थना केली तर "आमेन" म्हणायची. स्वर्गाचं नाव निघालं की मात्र भिंतीकडे तोंड करायची. मी तिची भाची, तिच्याजवळ राहायला आलेली. मला याचं मोठं कोडं पडलं होतं. एका सकाळी तिची वेणी घालताना विचारलंच.

"अगं, पुन्हा नवं घर!" ती म्हणाली. "जन्मभर तेच केलं. तुझे काका पूल बांधणाऱ्या कंपनीत मुकादम. पूल उभा राहिला की आमचा संसार टेम्पोत. आणि प्रत्येक क्वार्टरमध्ये मला कुठल्यातरी घराची आठवण यायची. कुठल्या, ते काही सापडायचं नाही. आधीच्या घराची म्हणावी, तर तिथेही हेच रडगाणं. आता कुठे इथे जीव रुजला, तर म्हणे चला, तिकडे फार छान आहे! प्रत्येक बदलीला तुझे काकाही हेच सांगायचे."

त्या दुपारी बुवा आले. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते गाऊन उपदेश करतात. त्यांनी पेटीचा भाता उघडला की पेंगणारासुद्धा सावरून बसतो. त्यांनी मोठ्या प्रेमाने स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्याचं पद धरलं. दुसऱ्या ओळीलाच मावशीने हात वर केला.

"बुवा, थांबा. पाहून आलात?"

"नाही हो, ताई."

"मग एवढं खात्रीने कसं गाता? आणि सोन्यावर पाय घसरत नाहीत?"

दाराशी वाटाणे सोलत बसलेले काका खुदकन हसले. बुवाही हसले, पण प्रश्न त्यांना लागला असावा. पेटीवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले.

"खरं सांगू? माहीत नाही."

"पाहून आलेलं कोणी सांगायलाच येत नाही, हीच तर पंचाईत."

"एकजण आला होता की, आपला प्रभू," बुवा म्हणाले. "पण तो रस्त्याबद्दल नाही बोलला, घराबद्दल बोलला. माझ्या बापाच्या घरी पुष्कळ जागा आहे. मी पुढे जाऊन तुमची तयार करतो, म्हणाला."

"पुढे तर मीही जायचो," काका म्हणाले.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. काका उपदेशाच्या मध्ये बोलतात हेच नवल.

"ताबा घ्यायला जायचात," मावशी म्हणाली.

"ताबा घ्यायला काय, सही केली की झालं. क्वार्टरच्या फळ्या ताडमाड माणसांच्या मापाच्या असायच्या. तुझा हात पोचला नसता. मी काढून खाली बसवायचो."

"काहीतरीच! सगळी क्वार्टर्स एका साच्यातली होती. कंपनी बांधायचीच तशी. म्हणून तर पहिल्या दिवशी दिवे गेले तरी माझा हात सरळ काडेपेटीवर जायचा."

"कसला साचा घेऊन बसलीस? एक घर पत्र्याचं, एक लाकडाचं, आणि एकात तर आपल्या आधी सिमेंटची पोती राहत होती."

मावशी उठून बसू पाहत होती. मी पाठीला उशी लावली.

"मग माझं माप कुठून आणलंत?"

काकांनी हनुवटीखाली हात आडवा धरला. "तुझं डोकं इथे येतं. गुडघे वाकवायचे, डोळे मिटायचे आणि तुझ्यासारखं घरभर फिरायचं. हात जिथे चाचपडेल तिथे खुंटी ठोकायची."

"तोंडही चालवायचात का माझ्यासारखं?"

"तर! 'काय बाई हा अंधार' म्हणून बघायचो. एका ठिकाणी खिडकीच पाडावी लागली."

"आणि मला चकार शब्द नाही?"

"आल्या आल्या स्वयंपाकाला लागायचीस. मग सांगायचं काय राहिलं?"

मावशी आपल्या हाताकडे बघत बसली, जणू त्या हातानेच इतकी वर्षं हे गुपित तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. मग म्हणाली, "पण ती आठवण? तीही तुम्हीच ठोकून बसवलीत?"

"ती माझ्या आवाक्यातली नव्हती," काका म्हणाले. "तुझं तोंड बघून कळायचं मला. फळी बसवली, दिव्याचं बटण हलवलं, खिडकी पाडली, तरी ती जाईना. मग म्हटलं, हे काम आपलं नव्हे, दुसऱ्या कोणाचं तरी आहे."



"त्याला माझी उंची ठाऊक असेल?" मावशीने हळूच विचारलं.

"ज्याने तुला घडवलं, तो माप विचारायला माझ्याकडे येईल होय?"

ती हसली. हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "काय काय केलंय ते बघायला हवं एकदा." भिंतीकडे ती वळली नाही. "बुवा, म्हणा तुम्ही. रस्ता राहू द्या. घराचं म्हणा."

बुवांनी खालच्या पट्टीत सूर लावला. मावशी थोडा वेळ ऐकत राहिली, मग काकांकडे वळली.

"अहो, तुम्ही पुढे गेल्यावर मागचं सगळं मी आवरायचे. शेजाऱ्यांचे निरोप, झाडलोट, कुलूप. या खेपेला ते तुमच्याकडे. घाईने निघू नका. कोपरे नीट झाडून या."

काकांच्या हातातली शेंग उघडेना. त्यांनी ती तशीच ताटलीत टाकली.

"कोपरे मला जमत नाहीत," ते म्हणाले.

"शिकवते. झाडू आणा."