गप्प बसलेल्यांचा नकार

आमच्या सभेत कुणी तोंडाने ‘नाही’ म्हणत नाही. पटलं नाही, तर माणूस समोरच्याकडे बघत नुसता गप्प बसतो. याहून कडक नकार आमच्या जमातीत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये धरणवाल्या कंपनीची माणसं अर्ज घेऊन आली. जुन्या धरणाला केंद्र सरकारचा आणखी चाळीस वर्षांचा परवाना हवा होता. खालची नदी आमच्या हद्दीतली, म्हणून पाण्याबद्दल आमचा दाखला आधी लागतो. आम्ही तो नाकारला की परवाना अडला. धरणामागे साठलेलं पाणी इतकं तापून खाली येतं की अंडी घालायला नदीत वर चढणारे सॅमन मासे वाटेतच मरतात. त्या दिवशी अख्खी सभा गप्प बसली. पहिल्या रांगेत माझी आई होती, ओठ घट्ट मिटून. थंडीत ती गेली.

जमातीच्या पाणीखात्यात मी एकटी. नदीत थर्मामीटर बुडवायचा मीच आणि कायदा वाचायचा तोही मीच. कायदा म्हणतो, वर्षाच्या आत लेखी उत्तर आलं नाही, तर हक्क सोडला असं धरायचं. आज पाच वाजता ते वर्ष संपत होतं. नकाराचं पत्र तयार होतं, पण सही फक्त सभाप्रमुखाची चालते, आणि सभाप्रमुख म्हणजे माझा वेंडेल मामा.

साडेचारला मी तिसऱ्यांदा पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

“मामा, सही कर ना रे.”

“किती वेळा नाही म्हणायचं, डेल्फीन? बहिरे आहेत का ते?”

“त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे हो.”

“मग आमची रीत शिकायची होती. वर्षभर काय माशा मारत होते?”

“आणि मासे मरतायत त्याचं काय?”

त्याने पत्र उलटं ठेवलं. “यावर आजची तारीख आहे. म्हणजे तुझ्या आईने दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हतं, असं लिहून देऊ? तिचं ते शेवटचं ‘नाही’ होतं, पोरी.”

मला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. त्याची सही मला हुबेहूब येते. शाळेत प्रगतिपुस्तकावर केली होती. पण खोटी सही सापडली की कंपनीच्या वकिलांची दिवाळीच. मी पेन खाली ठेवलं.

पावणेपाचला परवाना कचेरीतून फोन आला. माणूस सभ्य होता. “मॅडम, तुमचं काहीच आलेलं नाही. प्रमुखांनी एका ओळीचा मेल केला तरी चालेल. आहेत का ते?”

मी स्पीकर लावला. “मामा, एकच शब्द बोल. मेल मी लिहिते.”

मामा उठला. सभेत काढतो तशी त्याने टोपी काढली, फोनकडे बघितलं, आणि गप्प उभा राहिला.

“हॅलो? सर? आक्षेप नाही असं धरू का?”

मामाचा जबडा आणखी घट्ट झाला.

“आहे!” मी ओरडले. “आक्षेप आहे!”

“मॅडम, तुमचं म्हणणं मला नोंदवता येत नाही. सर?” तो बराच वेळ थांबला. “ठीक आहे. आभारी आहे.”

फोन बंद झाला. मामाचे डोळे भरले होते, पण चेहरा समाधानी होता.

“बघ,” तो म्हणाला, “या खेपेला शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्याने.”