फीबी ऊर्फ व्हायोलेट

आई जाऊन दीड महिना झाल्यावर दर्शना पुन्हा कामावर जाऊ लागली. दोन हजार एक साल होतं. आखातातल्या अल मनखूल भागात एका इमारतीत तिचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या जुन्या गावांची दप्तरं स्कॅन होऊन इथे यायची: मृत्युपत्रं, कराच्या याद्या, चर्चच्या वह्या. इथल्या मुलींनी ती वाचून कॉम्प्युटरमध्ये भरायची, म्हणजे तिकडे कुणाला आपले पूर्वज शोधायचे असले तर नावावरून सापडावेत.

त्या सकाळी एका मेलेल्या कप्तानाच्या मालमत्तेची मोजदाद तिच्यापुढे आली. पितळी पातेली, दोन गाई, एक घड्याळ. त्याखाली, त्याच वळणदार अक्षरात: काळी बाई फीबी आणि तिची लहान मुलगी जिनी. पुढे किंमत. पातेल्यांच्या ओघात दर्शनाने तीही ओळ टाइप केली आणि मग तिचा हात थांबला.

पुढच्या कागदात कप्तानाच्या विधवेने शेजारच्या गावच्या एलनेथन रूटला 'एक बाई व तिचं मूल' विकलं होतं. नाव नव्हतं. त्यानंतर फीबी कुठेच नव्हती. दुपारी रूटच्या गावची चर्चची वही उघडली, तर तिथे बाप्तिस्म्याची नोंद: मिस्टर रूट यांची गुलाम व्हायोलेट आणि तिची मुलगी जिनी.

ती सुपरवायझरकडे, गुणवंतकडे गेली.

"ही एकच बाई आहे. घर बदललं तसं नाव बदललंय."

"काहीतरीच काय मॅडम! नाव कोण कशाला बदलेल?"

"तुम्ही लग्नात तांदळात अंगठीने काय लिहिलंत?"

गुणवंत हसला. "ममता. त्याला इलाज नव्हता हो. वहिनी आशा, हीपण आशा. एकीला हाक मारली की दोघी धावत आल्या असत्या."

"आता उद्या कुणी तुमच्या बायकोला शोधायला निघालं, तर आशा लग्नाच्या दिवशी नाहीशी झालेली दिसेल."

"अहो, पण ते वेगळं."

"वेगळंच आहे. ममतावहिनींना कुणी विकलं नव्हतं."

गुणवंतचं हसू गेलं. "हे बघा, रूटच्या घरी आधीपासून व्हायोलेट असली तर? जिनी तर गल्लोगल्ली असतील. अमेरिकेला शंका पाठवली आणि ती चुकली, तर अख्ख्या टीमला लाल शेरा. संध्याकाळी फाइल जाते. त्याआधी पुरावा द्या, नाहीतर खलास."

दर्शना जागेवर येऊन बसली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाठ चुकीची पडली, तर कुणाच्या तरी पणजीच्या जागी परकी बाई बसणार होती. आणि पडलीच नाही, तर जिनीच्या आईच्या दोन अर्ध्या बायका होऊन त्या कायमच्या वेगवेगळ्या राहणार होत्या. आईच्या पासपोर्टवर उर्मिला होतं, माहेरच्या सातबाऱ्यावर कृष्णा. आई गेल्यावर कॉन्सुलेटमध्ये बाबांनी प्रतिज्ञापत्र दिलं: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. क्लार्कने मान वर न करता शिक्का मारला होता. फीबीसाठी तशी सही करायला कोणी नव्हतं.

शेजारी हैदराबादची कुबरा रूटच्या गावच्या कराच्या याद्या भरत होती.

"कुबरा, तेरे पास कोई रूट है?"

"चार हैं. सब के सब कंजूस. कौन सा होना?"

"एलनेथन."

कुबराने मागची पानं काढली. विक्रीच्या आधीच्या वर्षी एलनेथन रूटच्या नावावर घोडा होता, गाई होत्या. गुलामांचा रकाना रिकामा. विक्रीनंतरच्या यादीत स्त्री एक, मूल एक.

"घोड़े के नीचे लिखा है," कुबरा हळूच म्हणाली.

म्हणजे रूटच्या घरी आधी कुणी नव्हतं. जी आली ती फीबीच. गुणवंतने सगळे कागद दोनदा वाचले आणि शंका पाठवली.

दोन दिवसांनी अमेरिकेत शंका तपासणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. पुरावा मान्य होता. दोन्ही नोंदी जोडू, पण मुख्य रकान्यात एकच नाव बसतं. कोणतं घालायचं ते कळवा.

"शेवटचं घाला," गुणवंत म्हणाला. "पासपोर्टवर असतं तसं."

दर्शनाने उद्यापर्यंत वेळ मागितला.

अल मजाजमधल्या तिच्या घरी बाबा पेपर पसरून लसूण सोलत बसले होते. हे काम आईचं.

"बाबा, आईला कधी कृष्णा म्हणालात तुम्ही?"

"मी? छे. ते तिच्या भावांनी म्हणायचं."

"आणि उर्मिला?"

"ते माझ्या आईने काढलेलं. मला तरी कुठे आवडलं होतं!"

"तिला विचारलं होतं कुणी?"

बाबांनी सोललेली पाकळी बाजूला ठेवली. "नाही गं." सालं गोळा करत ते म्हणाले, "मी आपलं 'दर्शनाची आई' म्हणायचो. त्याला लगेच ओ द्यायची."

सकाळी दर्शनाने रकाना उघडला. फीबी हे नावही कप्तानाने ठेवलेलं असेल, किंवा त्याच्याही आधीच्या मालकाने. तिच्या आईने तिला काय हाक मारली, ते कुठल्याच कागदात नव्हतं. दर्शनाने लिहिलं: जिनीची आई. खाली टीप: कागदोपत्री नावं फीबी, व्हायोलेट, स्वतःचं नाव सापडत नाही.

गुणवंत मागे उभा राहून वाचत होता. "मॅडम, हे तुम्ही घरचं लावताय."

"विक्रीच्या कागदात नाव नव्हतं. पण मूल होतं. तिच्या प्रत्येक कागदात सारखं तेवढंच आहे."

तेवढ्यात कुबराने हाक मारली. रूटची आणखी पुढच्या वर्षाची यादी तिच्या स्क्रीनवर होती. घोडा. गाई. स्त्री एक.

मूल नव्हतं. मेलं की विकलं, ते कराच्या यादीत लिहीत नाहीत.

गुणवंतने दर्शनाच्या स्क्रीनवरच्या नोंदीकडे बोट दाखवलं. "आता नाव बदलणार?"

"नाही," दर्शना म्हणाली आणि नोंद पाठवली.