जांभळी बटणं खपली

दोरे-बटणांच्या दुकानात काळा दोरा नाही, हे ऐकून कोपऱ्यावरच्या शिंप्याने आधी कान खाजवला, मग चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

"अहो शेठ, परवा चेन नव्हती, काल हुक नव्हते. आता काळा दोराही नाही म्हणता. मग तुम्ही विकता तरी काय?"

"जांभळी बटणं आहेत," दुकानदार म्हणाला. "मोठी. कोटाला शोभून दिसतात."

"आधी जांभळ्या बटणांचा कोट घालणारा माणूस दाखवा, मग घेतो."

शिंपी पायऱ्या उतरला आणि सरळ पुढच्या चौकातल्या नव्या दुकानाकडे गेला. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक. दुकानदाराला वाईट वाटलं, पण त्याची नजर तोवर बिलाच्या मशीनकडे वळली होती. पडद्यावर पिवळ्या पट्ट्यांची रांग लागली होती आणि सगळ्यात वर काळ्या दोऱ्याची पट्टी होती. त्याने ती पुन्हा वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतोय.

"बाबा, काळा दोरा संपत आला. काळ्या दोऱ्याशिवाय आपलं दुकान म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक. लगेच मागवा. आणि जेवलात का? नसाल तर आधी जेवून घ्या."

हे त्याच्या मुलीने लिहिलं होतं. एकुलती एक मुलगी. गेल्या थंडीत ती गेली.

मशीन दुकानात आणलं तेही तिनेच, आणि बापाच्या नाकावर टिच्चून. "माझं डोकं हेच माझं मशीन," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. डोकं चांगलं होतं, नाही असं नाही. पण डोक्यात असलेला माल फळीवर असेलच याचा नेम नव्हता. गिऱ्हाइकाने राखाडी चेन मागितली की हा शिडी लावायचा, छतापर्यंत चढायचा, खोकं उघडायचा आणि रिकामं खोकं हातात घेऊन खाली उतरायचा. खाली गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असायचं.

मुलगी दवाखान्यातून घरी आली ती बरी होऊन नव्हे, शेवटचे दिवस घरात काढायला. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं. बापालाही माहीत होतं, फक्त तो रोज सकाळी विसरायचा. अंगाभोवती शाल गुंडाळून ती गल्ल्यापाशी उंच स्टुलावर बसली आणि एकेक खोकं पुढ्यात मागून घेऊन सगळं दुकान तिने त्या मशीनमध्ये घातलं. दोऱ्याच्या छटा, सुयांचे आकार, लेसचे ताके, काही म्हणून सोडलं नाही. खोक्यांवर काळ्या रेघांची लेबलं चिकटवली; लेबल मशीनच्या लाल उजेडाखाली धरलं की विक्रीची नोंद व्हायची.

"आता हे मशीनच सांगेल वर काय आहे आणि काय नाही. नसेल तर चढायचं नाही. तुमचे गुडघे वाचतील."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? आणि चढायला तू आहेस की."

तिने पुढचं खोकं ओढून घेतलं. लेबल चिकटवत राहिली.

एक नियम मात्र तिने घालून दिला. मशीनला खोटं सांगायचं नाही. जे खरंच दुकानाबाहेर गेलं तेच विकलं म्हणायचं, जे खरंच आत आलं तेच आलं म्हणायचं. "एकदा तुम्ही त्याला फसवलंत, की मग ते तुम्हाला जन्मभर फसवणार."

आणि मशीनने काम चोख केलं, हे कबूल करायला हवं. गर्दी पटापट हलू लागली. कोणता रंग खपतो, कोणता नुसती धूळ खातो, ते कळू लागलं. शिंपीसुद्धा म्हणाला, "शेठ, हल्ली तुमच्याकडे मागितलेलं मिळतं, चमत्कारच आहे." बापाने तोंडदेखली कुरकुर चालू ठेवली. मनातून तो मशीनपेक्षा ते शिकवणाऱ्या मास्तरणीवर खूश होता.

माल कमी झाला की पिवळी पट्टी येते हे तिने सांगितलं होतं, पण ती होती तोवर पट्टी कधी आलीच नाही, कारण त्याआधीच ती माल मागवायची. पट्टीवर आपलं आपल्याला हवं ते लिहून ठेवता येतं, हे काही तिने सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर दुकान कसंबसं उघडलं आणि एका दुपारी पांढऱ्या चेनचं बिल करताना मशीन टुण् वाजलं.

"बाबा, पांढऱ्या चेन मागवा. शाळा सुरू होतील आता. आणि तो भुरा सदरा धुवायला टाका, चार दिवस तोच घालताय ना?"

त्याने अंगावरच्या सदऱ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला सुटे द्यायचे राहिले.

माल मागवला आणि मशीनमध्ये भरला की पट्टी जाते. म्हणून त्याने चेन मागवल्या नाहीत. मग हुकांची पट्टी आली, तीत तिने आईच्या घोरण्याची थट्टा केली होती. इलॅस्टिकच्या पट्टीत त्याच्या पोटाची. प्रत्येक वस्तूखाली काहीतरी होतं, आणि वस्तू संपत आल्याशिवाय ते दिसत नव्हतं. मशीनच्या पोटात शिरून सगळं एकदम काढून देणारा कुणी भेटला असता, पण त्याला ते नकोच होतं. एका बैठकीत वाचलं तर एका बैठकीत संपेल. म्हणून तो विकत राहिला आणि मागवेनासा झाला. फळ्या रिकाम्या होत गेल्या आणि पडदा भरत गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गिऱ्हाइकं पांगली. दुकान बुडतंय हे त्याला दिसत होतं, आणि तरी रोज सकाळी तो आशेने कुलूप काढायचा.

आता फक्त जांभळी बटणं उरली होती. मुलगी लहान असताना कुणा गोडबोल्या व्यापाऱ्याने हे भलंमोठं खोकं त्याच्या गळ्यात मारलं होतं. घरात त्या बटणांना 'बाबांचं स्थावर' म्हणायचे. "माझ्या हयातीत काही ही खपत नाहीत," असं मुलगी हसून म्हणायची. पुढे ती आजारी पडली आणि ते वाक्य घरातून नाहीसं झालं.

तिने या बटणांखाली काय लिहिलं असेल? एवढ्या थट्टेच्या मालावर तिने सगळ्यात मोठं, सगळ्यात छान काहीतरी लिहिलं असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. तो येईल त्याच्यापुढे बटणं धरत होता. कुणी घेत नव्हतं.

दुकानाच्या वरच घर होतं. मुलगी गेल्यापासून बायको खाली दुकानात उतरली नव्हती. त्या दिवशी उतरली, कारण शिंप्याच्या बायकोने तिला जिन्यात गाठून सगळं सांगितलं होतं. तिने रिकाम्या फळ्या पाहिल्या. मग स्टुलाला हात न लावता ती गल्ल्याशी आली आणि उभ्यानेच पडदा वाचू लागली. वरपासून खालपर्यंत वाचला. घोरण्याच्या ओळीशी तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि मग डोळे वाहू लागले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू रडली असतीस."

"आणि मी वर बसून काय करत होते?"

त्याने जांभळ्या बटणांचं सांगितलं. फक्त तेवढी खपायची आहेत, मग मागवतो सगळा माल, असं म्हणाला.

"द्या ती मला," बायको म्हणाली. "तिच्या शालीला लावते."

"सगळी?"

"सगळी. वर न्यायची आहेत. खरंच दुकानाबाहेर जाणार, खोटं काही नाही त्यात."

त्याने खोकं काढलं. लेबल लाल उजेडाखाली नीट धरायला बायकोने मदत केली. मशीन टुण् वाजलं. पिवळी पट्टी आली.

"माल संपला आहे."

बस, एवढंच. मशीनचे स्वतःचे कोरडे शब्द. त्याने पट्टी बोटाने पुसून पाहिली, खाली काही दडलं असेल म्हणून. बायकोने चष्मा लावून पाहिलं. काही नव्हतं.

"तिने काहीच लिहिलं नाही," तो म्हणाला. "ही खपणारच नाहीत अशी खात्री होती तिला."

तो हसायला लागला, बायकोलाही हसू आलं, आणि हसता हसता तो मोकळा रडला. मुलगी गेली त्या दिवशीही रडला नव्हता तसा. दुकानात कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्याने पर्वा केली नसती.

"आता ती नवीन काही बोलायची नाही गं."

"नाही बोलायची," बायको म्हणाली. डोळे पुसून तिने पडद्याकडे बोट केलं. "पण जे बोलली ते तरी ऐकलंत का? हे वाचा. मागवा. हे वाचा. मागवा. इथे पण मागवा. मरता मरता पोरगी एकच गोष्ट सांगून गेली आणि तुम्ही नुसती वाचत बसलात."

माल आला तेव्हा ती खाली येऊन उभी राहिली. तो एकेक खोकं मशीनमध्ये भरू लागला. चेन भरल्या, सदऱ्याची पट्टी गेली. हुक भरले, घोरण्याची गेली. प्रत्येक वेळी त्याचं बोट अडायचं. माल पुन्हा संपेल, पट्टी पुन्हा येईल, हे तो स्वतःला सांगत होता. तरी आपल्या हाताने पोरीचे शब्द पुसतोय असंच त्याला वाटत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

काळा दोरा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. पडद्यावर आता तेवढीच एक पट्टी राहिली होती. बायको वर गेली. जरा वेळाने वरून ताटं मांडल्याचा आवाज आला.

जेवलात का? नसाल तर आधी जेवून घ्या.

"जेवतो गं," तो म्हणाला. मशीनचं बटण न दाबताच त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वर गेला. ताटातलं सगळं संपवलं. मग खाली येऊन त्याने काळा दोरा मशीनमध्ये भरला.