‘नाहीतर’ची ओळ

आमचे शेजारी त्सेंगदादा ऑर्किडच्या मांडवात घसरून पडले. पाय सुजून टम्म झाला, तरी माणूस डॉक्टरकडे जाईना. लेकीला कळलं तर ती शिन्चू शहरातल्या आपल्या नवव्या मजल्यावरच्या घरी उचलून नेईल, आणि इथे हौबी गावात कळ्या धरलेली झाडं वाळून जातील, ही त्यांना धास्ती.

लेक पेइ-रोंग तिकडे संगणकाचं काम करते. बापावर लक्ष राहावं म्हणून तिने एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या हुकमांच्या चार ओळी, लिहिली होती. दादांनी रोज एका फुलाचा फोटो ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा. सकाळी आठला स्क्रिप्ट त्यातल्या फाइली मोजते. कालच्यापेक्षा जास्त भरल्या तर गप्प. नाहीतर पेइ-रोंगचा फोन वाजतो. म्हणजे बाप ठणठणीत असेल तोवर लेकीला बोलायची गरजच नाही. मला ही युक्ती पहिल्यापासून पटली नव्हती.

दादांना आता मांडवात जाता येईना. मग ते काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी आठच्या आत मी पेज घेऊन जायची आणि एका जुन्याच फोटोची नक्कल करून फोल्डरमध्ये टाकायची. स्क्रिप्टला आकडा कळतो, फूल कळत नाही. संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून दादांनी त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलंय, आमच्याकडे सगळेच ठेवतात; त्या पाकिटाच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा. खरं तर ते म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवायला हवं होतं.

"वहिनी, तिच्याकडे एक शब्द बोलायचा नाही. शपथ घ्या," ते म्हणाले. मी घेतली. पण पाय काळानिळा पडायला लागला. त्यांचं उठता-बसता कण्हणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि माझा जीव तुटायचा.

एका सकाळी मी पेज दिली, भांडी घासली आणि फोल्डरला हात न लावता घरी आले. शपथ न बोलायची होती. नक्कल करायची नव्हती.

दुपारी पेइ-रोंग दारात हजर. दवाखाना, प्लास्टर, औषधं, सगळं तिनेच केलं. संध्याकाळी तिने फोल्डर उघडला.

"काकू, हे सगळं एकच फूल आहे."

दादा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी चकार शब्द बोलले नव्हते, तेवढं मी त्यांना ऐकवलं.

एवढं लपवलंत कशाला, म्हणून ती बापावर चिडली. दादा प्लास्टरकडे बघत म्हणाले,

"फोटो पोचला की तू गप्पच असतेस. म्हटलं, तुला तेच बरं पडत असेल."

पेइ-रोंगचे डोळे भरून आले. झाडांना पाणी मी घालेन, दादा इथेच राहू देत, असं मी मध्येच सांगून टाकलं. तिने मान डोलावली, स्क्रिप्ट उघडली आणि दोन ओळी बदलून मोठ्याने वाचल्या.

"फाइल वाढली, तर मी बाबांना फोन करणार. नाहीतर गाडी पकडणार."

हल्ली उजाडायच्या आतच मांडवातून कुबडीचा आवाज येतो. फोटो टाकून दादा आठ वाजायची वाट बघत फोन हातात धरून बसतात, आणि माझी पेज गार होते.